खालच्या फळीवरचं मीठ

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
५ मार्च

बद्रीनाथ,

विषय : मिठाचा डबा जागेवरून हलवल्याबाबत.

अर्जदार चतुरा, वय पन्नाशी उलटलेलं, धंदा कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांची गाऱ्हाणी लिहून देणे, सविनय तक्रार करते ती अशी : अर्जदाराच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा वर्षानुवर्षं वरच्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी, कोणालाही उपद्रव न देता राहत होता. अर्जदार डोळे मिटून हात वर करी आणि मीठ हाती येई. गेल्या आठवड्यापासून सदर डबा सर्वांत खालच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं, अंधारात सापडतो. अर्जदाराचे गुडघे सरकारी पुलासारखे आहेत, वरून धड दिसतात. परवा मिठासाठी वाकले ती तशीच अडकले. ओटा धरून उभी राहीपर्यंत वरण उतू जाऊन गॅस विझला होता. डबा मी वर ठेवते, तो पुन्हा खाली येतो. उंदीर इतके टापटिपीचे नसतात. भुतांना मीठ चालत नाही म्हणतात.

सबब प्रतिवादीचं नाव कळवते. तुझी बायको.

व्हय, मनकर्णा माझ्याकडं आहे. तेव्हा गावातल्या विहिरींत गळ टाकायचं आता बंद कर. ऐकलं की आत्तापर्यंत बादल्याच निघाल्या. ज्याच्या त्याला देऊन टाक, लोकांचं पाणी अडलं असेल.

फोन केला असता, पण तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस. वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, तुझ्या त्या हक्कसोडपत्रावर, मी सही केली नाही, तेव्हापासून. म्हणून हे रजिस्टर टपाल. पोस्टमनला अजून कोणी ब्लॉक करू शकलेलं नाही.

तर डब्याचं. मी तिला विचारलं, मीठ खाली का गं ठेवतेस?

"हात वर जात नाय वन्सं."

"का जात नाय?"

"असाच."

असाच कोणाचा हात अडत नाही. मी तिला न्हाणीत नेलं, कडी लावली आणि पदर बाजूला करायला लावला.

पुढचं आत्ता लिहीत नाही. लिहिलं तर अर्जाची भाषा राहणार नाही.

चतुरा


९ मार्च

बद्री,

पोचपावती आली. म्हणजे पत्र मिळालं. उत्तर नाही. बरं.

न्हाणीत काय दिसलं ते तुला सांगायची खरं तर गरज नव्हती, तू हजर होतास. पण मनकर्णा म्हणते, "ह्यांनी हात धरले माझे, पन बघितलं नाय. भिंतीकडं तोंड केलं व्हतं." ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायला हवं.

उजव्या बाजूला, स्तनाखालून काखेपर्यंत, विळ्याच्या पात्याच्या रेघा आहेत. एकीखाली एक, वहीत आखल्यासारख्या. छातीतली गाठ जिरवायला ज्या म्हातारीनं तापल्या विळ्यानं डागणी दिली तिचा हात चांगला बसलेला दिसतो. रेघांच्या मधली कातडी सुटलीय, आत पू आहे. झंपर जखमेत चिकटला होता. मी कोमट पाणी सोडत सोडत तो सोडवला, तेव्हा मनकर्णानं पदराचा बोळा दातांत धरला आणि माझ्या खांद्याला अशी नखं लावली की माझ्याही अंगावर आता तिची सही आहे. ती ओरडली नाही. तुझ्या घरात तिला ती सवय लागली असावी. वास मात्र तीन बादल्या पाण्यानंही गेला नाही, भाजलेल्या माणसाचा वास साबणाला ऐकत नाही.

आता मला एवढंच समजावून सांग. दवाखान्यात सुईनं गाठीतला बारीक तुकडा काढून तपासणार होते. तू म्हणालास, "गाठीला लोखंड लावायचं नाय. लोखंड लागलं की गाठ फुटती, अंगभर पसरती." ठीक. हे आपल्याकडं सगळेच म्हणतात, मीही ऐकतच वाढले. पण मग विळा कशाचा होता रे? चांदीचा?

आणि हे सगळं सुरू कुठून झालं तेही तुझ्याच तोंडावर लिहून ठेवते, कारण गावात आता प्रत्येकजण वेगळं सांगतोय.

दिवाळीनंतर आप्पासाहेबांची एकसष्टी झाली. माजी सरपंच, जन्मभर कशाचं ना कशाचं उद्घाटन करत आलेला माणूस. त्या निमित्तानं गावात बायकांच्या छातीची तपासणी करणारी गाडी आणली. जी बाई तपासून घेईल तिला स्टीलचा डबा, डब्यावर आप्पासाहेबांचं नाव कोरलेलं. काम चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. माझ्या मागच्या गल्लीतली हसीना, जी नवरा कमरोद्दीनच्या टेंपोतून बाजाराच्या दिवशी पिशोरला आणि आपल्या गावात बांगड्या भरायला जाते, तीसुद्धा रांगेत लागली. ती स्वतःच सांगते, "सच बोलूं आपा? डब्बे के वास्ते खडी रही मैं."

लवकरच निकाल आले. ज्यांना शहरात पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, त्यांची पाकिटं वेगळी होती. आप्पासाहेबांनी सगळीच कपाटात ठेवली. का? तर वितरण सोहळा करायचा होता! आपल्याकडं वह्या वाटायच्या तरी सोहळा, काठ्या वाटायच्या तरी सोहळा. मग बायकांच्या छातीचे निकाल काय असेच हातात द्यायचे? पण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना. आधी त्यांचं अधिवेशन, मग त्यांच्या पुतण्याचं लग्न, मग त्यांचा घसा बसला. पाहुण्यांचा घसा बरा होईपर्यंत गाठींनी वाढायचं नाही, असं बहुधा ठरलं होतं.

कमरोद्दीनला सोहळ्याचं कळत नाही. तो आप्पासाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसला. "साब, शाल नक्को, नारियल नक्को, कागज देव. मेरी बीवी का कागज तुमारी अलमारी में क्या कर रा?" उठेचना. शेवटी कटकट नको म्हणून दिलं. त्यानं मनकर्णाचंही पाकीट मागितलं, बांगड्या भरताना हसीनाशी तिचं बोलणं झालं होतं. तर उत्तर मिळालं, ते घरच्या माणसाकडंच देऊ.

घरचा माणूस तिथंच खुर्चीत बसला होता. चहा पीत. तू म्हणालास, "आमचं सोहळ्यात घेऊ की. पाव्हन्यासंगं फोटो येतो."

हसीनाला कॅन्सरच निघाला. पण चण्याएवढा. तेवढी गाठ काढली, मशीनखाली किरणांचे शेक दिले, आणि आता ती पुन्हा टोपली घेऊन फिरते. त्याच चण्याएवढ्या दिवसांत मनकर्णाचं पाकीट आप्पासाहेबांच्या कपाटात फेट्यांखाली होतं.

मग फेब्रुवारी सरता सरता, आचारसंहिता लागायच्या आत, सोहळा उरकला. सूत्रसंचालन शाळेतल्या सरांनी केलं. आयुष्यभर बक्षिसांची नावं वाचलेला माणूस. माइकवर म्हणाला, "पुढील भगिनींच्या स्तनात संशयास्पद गाठ आढळून आली असून, मंडळाच्या वतीनं त्यांचं मनःपूर्वक अभिनंदन." मंडपात टाळ्या पडल्या. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मनकर्णाला स्टेजवर जावं लागलं. शाल घेतली, नारळ घेतला, पाकीट घेतलं. फोटोत तू आहेस, पाहुण्यांच्या खांद्यामागं. दात दिसतात तुझे.

आणि मग मंडपाच्या मागं, जनरेटरपाशी, तू तिला कानाखाली अशी दिलीस की कानातली कुडी वाकून गालात रुतली. "चारचौघांत माझं नाक कापलं." नाक तुझं, छाती तिची, अभिनंदन मंडळाचं आणि मार पुन्हा तिलाच. दोन रात्री गेल्यावर विळा.

पळून ती एकटीच आली. बाजाराच्या दिवशी कमरोद्दीनच्या टेंपोत, बांगड्यांच्या पेट्यांमागं गोणपाट पांघरून. हातात तोच स्टीलचा डबा, त्यात दोन भाकरी.

काल डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी जखम पाहून आधी मलाच धारेवर धरलं. मी ऐकून घेतलं, कोणीतरी ऐकायलाच हवं होतं. म्हणाल्या, हे सुकल्याशिवाय सुई घालता येत नाही. आणि खाली गाठ हाताला लागतेय, ती थांबणार नाही.

म्हणजे आता जाळलेलं बरं होण्याची वाट बघायची, म्हणजे जे खरं आहे ते बघता येईल. डोक्यात ठेव.

चतुरा


१९ मार्च

बद्रीनाथ,

पोलिसांत द्यायच्या अर्जाचा मसुदा केलाय. लोकांचे अर्ज लिहिताना मी समोरच्याला एकदा वाचून दाखवते, म्हणजे नंतर "असं नव्हतं" म्हणत नाहीत. तुलाही दाखवते.

"रविवारी दुपारी अर्जदार व तिची भावजय घरी असताना प्रतिवादी बद्रीनाथ हा एका जीपमधून दोन इसमांसह आला. दार उघडण्यास सांगितले. अर्जदाराने उघडले नाही. प्रतिवादीने लाथा घातल्या. वरची बिजागरी निघाली. आत येऊन प्रतिवादी म्हणाला, 'सुई लावायच्या आत घेऊन जानार. माझी बायको हाय, माझ्या मर्जीनं मरंल.' भावजय भाकरी भाजत होती. प्रतिवादीने तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला ओढले. तिने फळी धरली. फळी निखळली. डबे पडले. अर्जदार मध्ये आली असता प्रतिवादीने तिला ढकलले. तिचे कपाळ चौकटीवर आपटून फुटले. टाके घालावे लागले."

इथवर बरोबर आहे ना? वेणीचं मी मुद्दाम घातलं. एक झुपका उपटून तुझ्या हातात आला होता, तो तू खिशात घातलास की टाकलास ते मला दिसलं नाही, डोळ्यांत रक्त होतं.

मग गल्ली जमली. कमरोद्दीन पहिला. तो दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "भाई, रोजा है मेरा. मारपीट नक्को कराव मेरेसे." तुझ्याबरोबरच्या एकानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. त्यानं हात उचलला नाही. नुसता वाकला आणि थुंकत राहिला, रक्त गिळलं गेलं तर रोजा मोडेल म्हणून. पायरी लाल झाली. लाज वाटावी असं त्या पायरीवर बरंच काही होतं, पण तुमच्यापैकी कोणी खाली बघितलं नाही.

आता जे मी अर्जातून गाळलं ते.

गॅस चालूच होता. तव्यावर उलथनं राहिलं होतं, तापून काळं-निळं झालेलं. तुझी मूठ तिच्या वेणीत होती, म्हणून तिचा डावा हात तुझ्या ध्यानात राहिला नाही. उजवा तर तूच निकामी केला होतास. तिनं डाव्या हातानं उलथनं उचललं आणि सपाट बाजूनं तुझ्या मनगटावर ठेवलं. ठेवलं म्हणते, मारलं म्हणत नाही. भाकरी दाबावी तसं दाबलं. चर्र झालं. लहानपणी तुला विंचू चावला होता, तेव्हाही तू एवढा ओरडला नव्हतास.

ती काय म्हणाली ते तुला ऐकू आलं नसेल, तू ओरडत होतास. मला आलं. अगदी हळू म्हणाली, रोज तुला जेवायला बोलवायची त्याच आवाजात :

"लोखंड हाय. पसरत नाय. भिऊ नका."

जीपपर्यंत तू पळत गेलास, बद्री.

पोलीस आले तेव्हा मी सांगितलं, झटापटीत तव्याला हात लागला. खोटं नीट लिहायची मला सवय आहे, पोटाचाच धंदा आहे. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं, मनकर्णाकडं पाहिलं आणि "तव्याला हात" असंच लिहून घेतलं. जखमेवर हळद लावू नकोस, चिघळते. हे मी मनकर्णाच्या जखमेवरून सांगते.

सगळे गेल्यावर ती काय करत होती? माझ्या कपाळातून रक्त गळतंय, दार एका बिजागरीवर लोंबतंय, आणि ही जमिनीवर बसून सांडलेलं मीठ चिमटीचिमटीनं गोळा करतेय.

"अगं ऊठ, दवाखान्यात जायचंय."

"सांडलेलं मीठ देवाच्या घरी पापन्यांनी येचावं लागतं वन्सं."

"तो देव भेटला की मी त्याच्याशी बोलते. ऊठ."

त्या मिठात माझं रक्त मिसळलं होतं, ते मी झाडून टाकलं. हसीनानं संध्याकाळी वाटीभर मीठ पाठवलं, रोजा सोडायच्या गडबडीत, फाटक्या ओठाच्या नवऱ्याला पाणी पाजायच्या आधी. मनकर्णा ती वाटी बघून अस्वस्थ झाली. उसनं मीठ घरात राहू नये म्हणते. मी म्हटलं, फिटेल. फळी पुन्हा ठोकून घेतली. मीठ आता आप्पासाहेबांच्या डब्यात आहे, खालच्या फळीवर. तक्रार मागं घेते.

शुक्रवारी सुई आहे. पुन्हा आलास तर अर्जात काही गाळणार नाही.

चतुरा


१ एप्रिल

बद्री,

सुई झाली. कॅन्सर आहे. हसीनाएवढा नाही, लिंबाएवढा आहे. काखेतही लागतंय. लोखंड लागून पसरलं नाही, कपाटात राहून पसरलं. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन ठरवलं.

तुझा निरोप आप्पासाहेबांच्या माणसानं कोर्टाबाहेर माझ्या टेबलावर आणून ठेवला, सोबत हक्कसोडपत्र, स्टॅम्पसह. "आक्कानं यावर सही करावी. मी ऑपरेशनच्या कागदावर करतो." चोख काम. बायकोच्या छातीच्या बदल्यात बहिणीचा बांध. बाजारात बैलाचा सौदा करतानाही माणसं रुमालाखाली हात घालतात, तू तेवढाही आडपडदा ठेवला नाहीस.

हे लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिते. मी पेनाचं टोपण काढलं होतं. दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस सकाळीच म्हणाला होता, "मिस्टरांची सही लागेल, त्याशिवाय घेत नाही." मी विचार केला, त्या रानात तसंही मला कोणी पाय ठेवू देणार नाही. हिला जगायला लागतेय ती एक सही. पेन कागदावर टेकवलं. मग मनात आलं, तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की खिडकीवरचा माणूस म्हणजे कायदा नव्हे. स्वतःच्या वेळी तेवढं विचारून तरी बघू.

रिक्षा करून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई जेवत होत्या. घास तसाच हातात ठेवून त्यांनी विचारलं, "पेशंट शुद्धीत आहे?"

"हो."

"सज्ञान आहे?"

"लेक नांदायला गेली तिची."

"मग तिची सही. छाती तिची, सही तिची. कोण म्हणालं मिस्टरांची?"

खाली येऊन मी खिडकीतल्या माणसाला हे शब्दशः ऐकवलं, थोडी भर घालून. कोणती भर ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. मनकर्णानं सही केली, एकेक अक्षर, पाटीवर गिरवल्यासारखं. नुसतं स्वतःचं नाव. तो म्हणाला, "पूर्ण नाव लिहा मावशी, मिस्टरांचं, आडनाव."

ती म्हणाली, "येवढीच हाय मी. बाकीच्यांचं काय कापायचं नाय."

तुझा कागद तुला परत पाठवत नाही. सहीही करत नाही. तो माझ्याकडं राहू दे. पावसात खिडकी वाजते, घडी करून अडकवायला जाड कागद लागतोच.

चतुरा


१७ एप्रिल

बद्री,

पाडवा झाला, ईद झाली, ऑपरेशन झालं. मनकर्णा घरी आली आहे, पलंगावर पडून आहे आणि माझ्या स्वयंपाकातल्या चुका काढते आहे. यावरून काय ते समज.

ऑपरेशनला आत घेताना नर्स म्हणाली, बांगड्या काढा. मनकर्णा म्हणाली, फोडायच्या नाहीत. हात सुजलेला, बांगड्या मनगटात बसलेल्या. नर्स कात्री शोधू लागली. तेवढ्यात हसीना साबणाचं पाणी घेऊन आली. "फोडती कायकू? मेरा धंदा है." मनकर्णाचा हात मांडीवर घेऊन, बोटं दाबून, तिनं एकेक बांगडी सोडवली, एकही न फुटता, आणि रुमालात बांधून स्वतःच्या कमरेला खोचली. "बाहर आव, फिर भरूंगी. पैसे नक्को. डब्बे की लाइन में तुम मेरे पीछे थे ना, बस." मग आत नेता नेता मनकर्णा माझ्याकडं वळून म्हणाली, "वन्सं, हसीनाचं मीठ दिलं का परत? उसन्या मिठानं मी त्या टेबलावर झोपायची नाय."

मी म्हटलं, "दिलं गं."

दिलं नव्हतं. ती आत गेली.

तू आला होतास. खाली लिफ्टपाशी, औषधाच्या दुकानासमोर बसला होतास, मनगटाला पट्टी, मांडीवर आप्पासाहेबांची पिशवी. मी जिन्यावरून पाहिलं. मला वाटलं वर येशील. एकदा उठलास. मग कोणी ओळखीचं दिसलं असावं, तू तोंड भिंतीकडं केलंस. तेवढं तुला नीट येतं. मी पुन्हा खाली वाकून पाहिलं, तेव्हा बाकावर फक्त पिशवी होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. स्तन काढला. काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. आता सलाईनमधून औषधं द्यायची, बरेच महिने, मग शेक. म्हणाल्या, "संक्रांतीच्या आसपास आणलं असतंत तर..." आणि थांबल्या. मी त्यांना पुढचं विचारलं नाही. पुढचं तुझं तू पूर्ण कर. संक्रांतीला पाकीट कुठं होतं ते तुला माहीत आहे.

वाचेल का? मीही विचारलं. त्या म्हणाल्या, लढता येईल एवढं आहे. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. मी लोकांना अर्ज लिहून देते तेव्हा "मिळेल का बाई?" असं विचारतात, तेव्हा मी हेच म्हणते. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं.

औषधांनी केस जातील, असं तिला सांगितलं. मला वाटलं रडेल. छातीवरची पट्टी सांभाळत हसली. "बरं झालं. वेनी धरून वढायची सोय राह्यली नाय कुनाला."

आणि तू बाकावर टाकून गेलास त्या पिशवीत काय निघालं म्हणतोस! एक शाल, एक नारळ आणि चकचकीत पत्रिका. "कर्करोगाशी झुंजणाऱ्या रणरागिणींचा भव्य सत्कार." अध्यक्ष, आप्पासाहेब. तारीख पाहुण्यांच्या सोयीनं. पहिलं नाव मनकर्णाचं, दुसरं हसीनाचं. मी पत्रिका वाचून दाखवली. मनकर्णा म्हणाली, "आधी जिकू तरी द्या म्हनावं." हसीना म्हणाली, "इस बार डब्बा नहीं दे रे क्या?"

त्या माइकवर आणखी बायकांची नावं वाचली गेली होती. त्यांचं काय झालं ते तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही, कारण सोहळा संपला होता. हसीना आता गावात बांगड्या भरताना हात धरून ठेवते आणि विचारते, "वो पाकीट किधर है बाई?" सांगितल्याशिवाय हात सोडत नाही. मागच्या बाजाराच्या दिवशी टेंपोतून दगडाबाई उतरली, आणि तिच्याबरोबर एक पोरसवदा सून. दगडाबाईनं पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं होतं, हळद-कुंकू वाहून. उघडलेलंच नव्हतं. दोघींना मी घेऊन गेले. खिडकीवरचा माणूस मला पाहून उभा राहिला.

तुझ्याविरुद्धचा अर्ज आज सकाळी दिला. काही गाळलं नाही, उलथन्याचं सोडून. तारखेला यावं लागेल तुला. येताना तिच्या पेटीतली जाड चादर आण, दवाखान्यात थंडी वाजते तिला. चादर आणलीस म्हणून अर्ज मागं घेणार नाही, हेही आधीच लिहून ठेवते.

अर्ज देऊन आले ती आधी स्वयंपाकघरात गेले. दिवेलागणीनंतर मीठ द्यायचं नसतं, ऊन अजून गच्चीवर होतं. खालच्या फळीपुढं वाकले, गुडघ्यांनी शिव्या दिल्या, त्यांना मी दिल्या. हसीनाची वाटी शिगोशीग भरली, वर सत्काराची पत्रिका झाकण म्हणून ठेवली आणि मागच्या गल्लीत गेले. ती भांडी घासत होती. तिच्या बरणीत मीठ ओतलं, वाटी तिच्याच नळाखाली विसळली, तिच्या घासलेल्या भांड्यांत पालथी घातली आणि परत आले.

तुझी आक्का